इंडोनेशियात बस्तान बसवताना: आधी गल्ली, मग शाळा, मग कंपनी

इचलकरंजीहून बांडुंगला आले तेव्हा माझ्या पिशवीत दोन जाड फायली होत्या. एकीत व्हिसाचे कागद, दुसरीत कंपनीचे. विणकाम यंत्रांचे सुटे भाग विकायचे, नवऱ्याने यंत्रांकडे बघायचं आणि मी हिशेबाकडे, असं ठरलेलं होतं. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात शेजारच्या बाई दारातून डोकावल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "पाक एर-तेंना भेटलात का?" पाक एर-ते म्हणजे गल्लीचे प्रमुख. फायलींबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचा महिनाभरही नाही.

आता आपल्याकडचं कुणी ना कुणी मला विचारत असतं, इंडोनेशियात यायचंय, सुरुवात कुठून करू? बहुतेकांचा पहिला प्रश्न कंपनी नोंदणीचा असतो. मी उलटा क्रम सांगते: आधी भाषा, मग गल्ली, मग मुलांची शाळा आणि सगळ्यात शेवटी कंपनी. कागद इथे लागतातच, भरपूर लागतात. पण तुम्ही कोण, कुठले, कुणाच्या शेजारी राहता हे चार लोकांना ठाऊक असलं की त्याच कागदांचं काम सोपं होतं. ही ओळख म्हणजे वशिला नव्हे. नव्या सुनेला चार घरी हळदीकुंकवाला नेतात, तशातली ही ओळख.

निघण्याआधी तीन महिने: भाषा

इंग्रजीवर भागेल असं समजून येऊ नका. जकार्तातल्या मोठ्या ऑफिसांत भागेल, पण घरमालक, गोदामाचा राखणदार, शाळेतल्या बाई, नगरपालिकेतला कारकून यांच्याशी बहासा इंडोनेसियाच लागते. आणि ती आपल्याला अवघड नाही. क्रियापदाला काळ नाही, नामाला लिंग नाही, अनेकवचन करायचं तर शब्द दोनदा म्हणायचा. 'आनाक' म्हणजे मूल, 'आनाक-आनाक' म्हणजे मुलं. लिपी रोमन आहे आणि लिहिलं तसंच वाचायचं असतं. फक्त 'सी' हे अक्षर दिसलं की 'च' म्हणायचं.

शब्दांचं तर विचारूच नका. लाभाचा 'लाबा' झालाय, व्ययाचा 'बिआया', अर्घाचा 'हार्गा' म्हणजे किंमत, उत्साहाचा 'उसाहा' म्हणजे उद्योगधंदा. कॉलेजातला विद्यार्थी 'महासिस्वा', पदवीदान 'विसुदा'. अरबीतून आलेले 'कुर्सी', 'साबुन', 'हुकुम', 'जावाब' तर मराठी माणसाला शिकवायलाच नकोत, मात्र इथे 'हुकुम' म्हणजे कायदा. गोदाम 'गुदांग' आहे. गोव्याकडच्या माणसाला आणखी गंमत वाटेल, कारण पोर्तुगीज जहाजांनी तेच शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरवले. इगर्ज इथे 'गेरेजा', फेस्त 'पेस्ता', जनेल 'जेन्देला'.

पण हीच जवळीक फसवतेही. 'काकी' म्हणजे पाय. माझ्या मुलीने वर्गात "माझी काकी इचलकरंजीत आहे" असं सांगितलं तेव्हा मुलं हसून लोळली होती.

ही भाषा राष्ट्रभाषा कशी झाली हे ठाऊक असलेलं बरं. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांनी एक देश, एक राष्ट्र, एक भाषा अशी शपथ घेतली. तेव्हा सगळ्यात जास्त लोक बोलत होते ती जावानीज त्यांनी निवडली नाही. बंदरांवर आणि बाजारांत चालणारी मलय उचलली, म्हणजे कुणाचंच पारडं जड नको. बाजारात वाढलेली भाषा असल्यामुळे असेल, पण परक्याच्या मोडक्या बोलण्याला इथे कुणी हसत नाही. मोडकंतोडकं बोला, पण बोला.

इथल्या अनेक विद्यापीठांत परदेशी लोकांसाठी 'बिपा' नावाचे भाषावर्ग असतात. तरुण मुलांसाठी तर सरकारची 'दार्मासिस्वा' शिष्यवृत्ती आहे, १९७४ पासून चालू असलेली. पदवी मिळत नाही, पण भाषा, संगीत, नृत्य, बातिक असं काही शिकत इथे राहता येतं. हा देश समजून घ्यायला याहून चांगली वाट मला तरी ठाऊक नाही.

संबोधनं पहिल्या दिवसापासून सांभाळा. पुरुषाला 'पाक', बाईला 'इबू' किंवा नुसतं 'बू', आणि पुढे आडनाव नाही, पहिलं नाव. वयाने बरोबरीच्यांना 'मास' आणि 'म्बाक', बांडुंगच्या सुंदानीज म्हणजे पश्चिम जावातली भाषा बोलणाऱ्या मुलखात 'कांग' आणि 'तेह'. अनेकांना आडनावच नसतं. पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, त्यांचं हे सबंध नाव आहे. वस्तू द्यायची-घ्यायची ती उजव्या हाताने. बसलेल्या माणसांसमोरून जाताना थोडं वाकून 'पुन्तेन' म्हणायचं, ते 'मांग्गा' म्हणतात, की वाट मोकळी. हे दोन सुंदानीज शब्द मी पहिल्याच आठवड्यात शिकले आणि भाजीवालीने मला त्या दिवसापासून निवडून भाजी दिली.

पहिला आठवडा: पाक एर-ते

शेजारच्या काही घरांची मिळून एक 'एर-ते', अशा अनेक एर-ते मिळून एक 'एर-वे'. ही शेजारव्यवस्था दुसऱ्या महायुद्धात जपानी राजवटीने आणली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. एर-तेचा प्रमुख रहिवाशांनीच निवडलेला असतो. तो सरकारी अधिकारी नसतो. आमचे पाक एर-ते निवृत्त शिक्षक आहेत.

घर घेतलंत की पासपोर्टची आणि निवास परवान्याची झेरॉक्स, घरभाड्याचा करार आणि थोडा खाऊ घेऊन संध्याकाळी त्यांच्याकडे जा. कामाचं लगेच काढू नका. कुठून आलात, मुलं किती, तिखट खाता का, इथवर बोलणं झालं की ते स्वतःच वही काढतात. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते: पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर कळवावं. तुमचे सासूसासरे आले तरी कळवा. पुढे रहिवासाच्या कुठल्याही दाखल्यासाठी याच माणसाची चिठ्ठी लागू शकते.

महिन्याची वर्गणी असते, कचरा आणि राखणदारासाठी. आणि अधूनमधून एखाद्या रविवारी सकाळी 'केर्जा बाक्ती'. कार्य आणि भक्ती हे दोन आपलेच शब्द, अर्थ श्रमदान. गटारं उपसायची, गवत काढायचं, झेंड्याचा खांब रंगवायचा. १७ ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाआधी तर हमखास. पैसे पाठवून सुटका करून घेऊ नका, झाडू घेऊन जा. माझ्या नवऱ्याला आमच्या पहिल्या गोदामाचा पत्ता गटाराच्या काठावर उभं असतानाच मिळाला.

दुसरा महिना: आरिसान

आरिसान म्हणजे भिशी. दुसरा शब्दच नको. फरक एवढाच की आपल्याकडे कुठे कुठे लिलाव लागतो, तसा इथे नाही. दर महिन्याला सगळ्याजणी सारखी रक्कम भरतात, चिठ्ठी निघते आणि जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. एकदा मिळाली की फेरी संपेपर्यंत भरत राहायचं.

आमची आरिसान अशी चालते. काचेच्या पेल्यात नावांच्या वळकट्या टाकतात, तोंडाला प्लास्टिक ताणून रबर लावतात आणि मधोमध एक भोक पाडतात. मग इबू एर-ते तो पेला उलटा धरून गदागदा हलवतात. वळकटी भोकात अडकते, परत आत जाते, बायका ओरडतात. शेवटी एक बाहेर पडते. हा सगळा सोहळा पाच मिनिटांचा, आणि त्याच्या आधी-नंतर दोन तास तळलेलं खाणं, चहा आणि बोलणं. कुठली शाळा बरी, कुणाचा भाचा कस्टम्सचा एजंट आहे, कुठल्या भागात पावसाळ्यात पाणी भरतं, हे मला याच दोन तासांत कळत गेलं. माझं नाव सातव्या महिन्यात निघालं. पैसे किरकोळ होते, पण त्या दिवशी मी 'भारतातून आलेल्या बाई'ची 'आपल्या गल्लीतल्या बू' झाले.

म्हणून सांगते, बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. भाषा येत नाही म्हणून तर अजिबात टाळू नका.

कोण कुठला हे ओळखायला शिका

'इंडोनेशियन माणूस असा असतो' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १७ हजारांवर बेटं, ३८ प्रांत आणि शेकडो भाषा असलेला देश आहे हा. धंद्यात पडायचं तर निदान काही समाजांची रीत माहीत हवी.

पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाउ मातृवंशीय आहेत, वडिलोपार्जित घर-जमीन आईकडून लेकीकडे जाते. पोरगा वयात आला की नशीब काढायला बाहेर पडतो, त्याला 'मेरान्ताउ' म्हणतात. गावोगाव दिसणारी पादांग खाणावळ ही त्यांचीच. बसलात की न विचारता दहाबारा बश्या टेबलावर मांडतात, जेवढ्यांना हात लावाल तेवढ्यांचेच पैसे. या खाणावळींची एक जुनी रीत मला फार आवडते. तिला 'मातो' म्हणतात. कामगाराला ठरलेल्या पगाराऐवजी कामाप्रमाणे गुण आणि त्या गुणांनुसार नफ्यात वाटा. सहकाराच्या मुलखातून आलेल्या माणसाने जरूर समजून घ्यावी.

स्वस्त भाजी-भाताची 'वारतेग' खाणावळ मध्य जावातल्या तेगालच्या लोकांची, दिवसरात्र उघडं असणारं किराणा दुकान मादुरा बेटावरच्या लोकांचं. बुगिस दर्यावर्दी. बाताक लोकांना आपल्यासारखीच कुळं आहेत, त्यांच्याशी पहिली ओळख कुळावरूनच होते.

चिनी वंशाच्या इंडोनेशियन लोकांना 'तिओंगहोआ' म्हणतात. कापडाच्या घाऊक बाजारात तुमची गाठ त्यांच्याशी पडेलच. मे १९९८ च्या दंगलींत या समाजाने फार सोसलं. त्यांचं नववर्ष राष्ट्रीय सुट्टी व्हायला २००३ उजाडलं. कुणी मालकाच्या वंशावरून सैल बोलू लागलं तर त्यात सामील होऊ नका, हसूही नका.

आणि आपले लोक? उत्तर सुमात्रातल्या मेदानला तमिळ आहेत, एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर आणलेल्यांचे वंशज. जकार्ताच्या पासार बारू भागात सिंधी कापडवाले आणि शीख, जे पुढे खेळाच्या सामानाच्या धंद्यात नावारूपाला आले. सिंधी व्यापाऱ्यांच्या संस्थेचं जुनं नाव 'बॉम्बे मर्चंट्स असोसिएशन' होतं, आज ती 'गांधी सेवा लोका' म्हणून शिक्षण आणि समाजकार्य करते. आणि जकार्तात रिक्षाला 'बाजाज' म्हणतात, उच्चार 'बाजाय' असा काहीसा. पुण्याच्या कंपनीचं नाव तिथे गाडीचं नाव होऊन बसलंय.

शाळा

शैक्षणिक वर्ष जुलैत सुरू होतं. सहा वर्षं एसडी म्हणजे प्राथमिक, तीन एसएमपी म्हणजे माध्यमिक, तीन एसएमए म्हणजे त्यापुढची शाळा. रस्त्यावरच्या मुलाच्या गणवेशावरूनच शाळेचा टप्पा कळतो: लाल-पांढरा प्राथमिक, निळा-पांढरा माध्यमिक, करडा-पांढरा त्यापुढचा. याला समांतर धर्म मंत्रालयाच्या अखत्यारीतले मदरसे आणि पेसान्त्रेन म्हणजे निवासी इस्लामी शाळा. १९१२ साली योग्यकार्तात स्थापन झालेली मुहम्मदिया ही संस्था तर हजारो शाळा आणि शंभराहून जास्त उच्चशिक्षण संस्था चालवते. तुमचा उत्तम कामगार किंवा हिशेबनीस तिथूनच शिकून आलेला असू शकतो, हे लक्षात असू द्या.

परदेशी मुलांसाठी सोयीच्या शाळा म्हणजे 'एस-पे-का', परदेशी अभ्यासक्रम इथल्या संस्थेच्या सहकार्याने शिकवणाऱ्या. फी घसघशीत असते. नोकरीवर येत असाल तर ती कंपनीच्या करारात आधीच लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही. जकार्तात भारतीय समाजाने उभी केलेली गांधी मेमोरियल शाळा आहे. बांडुंगमध्ये पर्याय कमी, म्हणून घर पक्कं करण्याआधी शाळा किती लांब पडेल ते बघा. इथली वाहतूक अशी आहे की शाळा लांब पडली तर मुलाचं बालपण गाडीत जाईल.

प्रवेशाच्या अर्जावर 'आगामा' म्हणजे धर्माचा रकाना असतो आणि तो भरावा लागतो. मान्यताप्राप्त धर्म सहा, त्यांत हिंदू आहे. इथे हिंदू म्हटलं की लोक बालीचं समजतात. बालीचा 'न्येपी' हा शक संवत्सराचा पहिला दिवस. २०२३ साली न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चलाच आले. त्या दिवशी बालीत रस्त्यावर चिटपाखरू नसतं, विमानतळसुद्धा बंद. आमच्या घरी मात्र गुढी होती आणि शेजारची पोरं ती बघायला आली होती.

जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पदवी या सगळ्यांवर भारतातूनच अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून आणा. इंडोनेशियात ही पद्धत जून २०२२ पासून चालते, त्यामुळे वकिलातीच्या चकरा वाचतात. भाषांतर मात्र इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच.

पालकसभेला स्वतः जा. भिंतीवर 'तुत वुरी हांदायानी' असं लिहिलेलं दिसेल: मागे उभं राहून बळ द्यावं. हे की हाजार देवांतारा यांचं वचन. त्यांनी १९२२ साली योग्यकार्तात तामान सिस्वा ही शाळा काढली, डचांच्या राज्यात इथल्या मुलांसाठी. २ मे हा त्यांचा जन्मदिवस शिक्षणदिन म्हणून पाळतात. आपल्या मुलाबद्दल बाई "अजून थोडं धीट व्हायला हवं" म्हणाल्या तर ती तक्रार समजा. याहून कडक शब्द इथले शिक्षक सहसा वापरत नाहीत.

आता कंपनी

पहिली चक्कर बघायला येत असाल तर विमानतळावर मिळणारा तीस दिवसांचा व्हिसा पुरे, तो एकदा वाढवता येतो. बैठका घ्या, बाजार फिरा. पण त्यावर काम करू नका. ओळखीच्या गिरणीत यंत्र 'जरा बघून देतो' म्हणून पाना हातात घेतलात तरी ते काम धरलं जाऊ शकतं, आणि मग थेट परत पाठवणी.

परदेशी भांडवलाच्या कंपनीला 'पेते पेएमआ' म्हणतात. निदान दोन भागधारक, एक संचालक, एक आयुक्त म्हणजे संचालकावर देखरेख करणारा. नोटरीकडे दस्त, मग कायदा मंत्रालयाची मान्यता, मग 'ओ-एस-एस' या सरकारी पोर्टलवर धंद्याचा पाच आकडी वर्गीकरण क्रमांक निवडून 'नीब' म्हणजे व्यवसाय ओळख क्रमांक. पोर्टलचं काम अवघड नाही. अवघड आहे ती गुंतवणुकीची अट: साधारणपणे जमीन-इमारत सोडून १० अब्ज रुपियांहून जास्त, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. तीही प्रत्येक वर्गीकरणासाठी आणि प्रत्येक जागेसाठी. लहान माणसाला हे झेपत नाही. आम्ही दोन वर्षं इचलकरंजीतूनच एका स्थानिक वितरकामार्फत माल विकला, बाजार कळला, मग तीन घरांनी मिळून कंपनी काढली. तुम्हालाही तेच सांगेन. नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे पाठवण्याआधी त्या आठवड्याचा नियम पोर्टलवर आणि नोटरीकडे, दोन्हीकडे तपासा.

इथल्या माणसाच्या नावावर शेअर ठेवा, मालकी तुमचीच, असं सांगणारे भेटतील. नाही म्हणा. २००७ च्या गुंतवणूक कायद्याने असे करारच रद्दबातल ठरवले आहेत. परदेशी माणसाला पूर्ण मालकीची जमीनही घेता येत नाही. बालीत व्हिला घ्यायला निघालेल्यांनी हे दोनदा वाचावं.

करार इंडोनेशियन भाषेत हवा. सोबत इंग्रजी प्रत चालते, पण नुसती इंग्रजी नको. २००९ च्या भाषा कायद्याच्या आधारे २०१३ मध्ये पश्चिम जकार्ताच्या न्यायालयाने एक कर्जकरार केवळ इंग्रजीत आहे म्हणून रद्द केला आणि वरच्या न्यायालयांत तो निकाल टिकला. सहीच्या जागी १० हजार रुपियांचं 'मेतेराइ' म्हणजे महसुली तिकीट लावा. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर हलाल प्रमाणपत्र ही पहिली पायरी धरा. मध्यम आणि मोठ्या उद्योगांना ते १७ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं आहे.

आकडे लिहिताना फार जपा. इथे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. आमच्या पहिल्या मालाच्या यादीत मी सवयीने वजन '१,२५० किलो' लिहिलं. इथे वाचलं गेलं सव्वा किलो. कागद सव्वा किलोचे आणि बंदरात खोकी सव्वा टनाची. माल सोडवायला दोन आठवडे गेले आणि जागेचं भाडं भरावं लागलं. चूक माझी होती. 'जुता' म्हणजे दहा लाख, 'मिलियार' म्हणजे शंभर कोटी, हे भिंतीवर लिहून ठेवा. जुन्या मलयमध्ये 'लाक्सा' म्हणजे दहा हजार आणि 'केती' म्हणजे लाख, आपले लक्ष आणि कोटी समुद्र ओलांडताना एवढे आटले.

माणसं ठेवताना

किमान वेतन शहराशहरांत वेगळं असतं. जकार्ताजवळच्या बेकासी, करावांग या कारखान्यांच्या भागांत ते महिना ५० लाख रुपियांच्या वर, मध्य जावातल्या अनेक जिल्ह्यांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. कापड कारखाने तिकडे का सरकले ते यात दिसतं. हाताखाली शिकाऊ घ्यायचे तर 'एसएमका' या व्यावसायिक शाळांशी बोला, त्यांची मुलं काही महिने कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला येतात. आमचे दोन्ही फिटर तसेच आले. आरोग्य आणि कामगार विमा, म्हणजे 'बेपेजेएस', सगळ्यांना लागू, निदान सहा महिने काम करणाऱ्या परदेशी माणसालासुद्धा. भरती आणि कर्मचाऱ्यांचं खातं मात्र परदेशी माणसाला सांभाळता येत नाही, तिथे इथलीच व्यक्ती हवी.

'नाही' इथे कुणी तोंडावर म्हणत नाही. 'बेलुम' म्हणजे अजून नाही, 'नान्ती' म्हणजे नंतर. "नंतर कळवतो" दोनदा ऐकलंत की विषय सोडा आणि तिसऱ्या कुणाकडून कारण काढा. चारचौघांत कामगारावर आवाज चढवलात तर तो भांडणार नाही. सोमवारपासून येणार नाही, एवढंच.

आणि लेबारान, म्हणजे रमजान ईद. तिच्या निदान सात दिवस आधी, ईद पाळणाऱ्या आणि वर्षभर काम केलेल्या प्रत्येकाला एक पूर्ण पगार जादा द्यायचा. त्याला 'तेहाएर' म्हणतात, तो बोनस नाही, कायद्याने बांधलेला हक्क आहे, म्हणून जानेवारीपासूनच बाजूला काढत चला. मग कोट्यवधी लोक गावी निघतात, 'मुदिक'. ईदच्या सकाळी घरोघरी जाऊन 'मोहोन माआफ लाहिर दान बातिन' म्हणायचं, म्हणजे आतलं-बाहेरचं सगळं माफ करा. आधी पाक एर-तेंकडे जा, मग उरलेल्या गल्लीत. आम्ही चकलीचा डबा नेतो. परतणारे कामगार सावकाश येतात, ट्रक मिळत नाहीत, कस्टम्सचे कारकूनही गावीच असतात. ईदची तारीख दर वर्षी दहाअकरा दिवसांनी अलीकडे येते, ती आधी बघा आणि त्या दोन आठवड्यांत कंटेनर बंदरात लागेल अशी ऑर्डर देऊ नका.